रद्दीतला वेताळ

रद्दीच्या धंद्यात कागद वाचायचा नसतो, चाचपायचा असतो. वर्तमानपत्राचा भाव वेगळा, वह्यांच्या पांढऱ्या कागदाचा वेगळा, गुळगुळीत मासिकांचा वेगळा, पुठ्ठ्याचा वेगळा; आणि यांतल्या कशातच न बसणारं ते सगळं ‘मिक्स’. कॉमिक्स कायम मिक्समध्ये जायची. पान लहान, दोन्ही अंगांनी शाईने भरलेलं, म्हणून वाण्याला पुडीसाठी नको. अंक पातळ आणि त्यात दोन पिना, म्हणून निवडायला बसणाराही कंटाळायचा. उमरोळीत स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर बाबांनी टाकलेलं हे दुकान पुढे मी चालवलं. इंद्रजाल कॉमिक्सचं, त्यातही वेताळ या मुखवटेवाल्या नायकाचं, जे काही ज्ञान मला झालं ते या मिक्सच्या ढिगातून. कॉमिक्सवर जीव टाकणारी माणसं मला फार नंतर भेटली. त्यांना गोष्टी पाठ असतात. मला अंक हातात घेतला की आधी त्याची पिन दिसते.

एवढ्याशा गावात इतकी कॉमिक्स आली कुठून, असं मुंबईचे लोक विचारतात. तारापूरमुळे आली. अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं, बोईसरला कॉलनी वसली, एमआयडीसीत कारखाने उभे राहिले आणि बंगालपासून केरळपर्यंतची कुटुंबं या पट्ट्यात राहायला आली. नोकऱ्या बदलीच्या. ऑर्डर आली की सामान ट्रकात भरायचं आणि ट्रकात न मावणारं पहिलं काय, तर पोरांची पुस्तकं. बाबा सायकलच्या कॅरिअरला गोण्या बांधून आणत. घरी आल्यावर ढीग ओतला की त्यात एकच चित्र चार लिप्यांत निघायचं. मुखपृष्ठ तेच, घोडा तोच, मुखवटा तोच. आतल्या फुग्यांमधली अक्षरं तेवढी बंगाली, इंग्रजी, हिंदी, मराठी. ते अंक शेजारी शेजारी मांडून बघणारा घरात मी एकटा. वेताळाची मैत्रीण डायना इंग्रजीत ऐसपैस बोलायची तिथे मराठीतली दोन शब्दांत आटपायची, कारण आपल्या मात्रा-वेलांट्यांना वर-खाली जागा लागते आणि फुगा काही वाढत नाही. जे बोलणं मावलं नाही ते गेलं.

असं काही ना काही जाणं हे या नायकाच्या पाचवीलाच पुजलेलं. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने त्याला मुळात पुस्तकासाठी निर्माण केलंच नव्हतं. १७ फेब्रुवारी १९३६ पासून तो अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीतून येऊ लागला. फॉकचा जादूगार मँड्रेक त्याच्या दोन वर्षं आधी, १९३४ साली सुरू झालेला. वेताळाची पहिली गोष्ट लिहायला घेतली तेव्हा फॉकच्या डोक्यात जंगल नव्हतंच. जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी वाटणारा तरुण रात्री मुखवटा चढवून गुन्हेगारांमागे लागतो, असा बेत होता. पट्टी छापून येत असतानाच त्याने तो बेत सोडला, गोष्ट समुद्रापार नेली आणि कवटीच्या आकाराची गुहा, १५३६ सालची शपथ, बापाकडून मुलाकडे जाणारा मुखवटा हे सगळं उभं केलं. बिचारा जिमी वेल्स तिथेच कुठेतरी राहून गेला. मुखवट्याच्या फटीत बुबुळं न काढण्याची कल्पना फॉकने ग्रीक पुतळ्यांवरून घेतली. कपड्यांचा रंग त्याच्या मनात करडा होता. १९३९ साली रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा छापून आला तो जांभळा. स्वीडनमध्ये हाच माणूस निळा आहे आणि इटलीत लाल.

रोजच्या पट्टीची एक चाल असते आणि ती हातात अंक घेऊन बसलं की नीट कळते. पहिली चौकट काल काय झालं ते सांगते, मधली गोष्ट पुढे सरकवते आणि शेवटची उद्याचा पेपर घ्यायला लावते. वाचणाऱ्याला चोवीस तास मध्ये मिळतात म्हणून हे चालतं. अशा शेकडो पट्ट्या सलग लावून पुस्तक केलं की गोष्टीला उचकी लागते. माणूस दाराशी उभा राहतो, पुढच्या चौकटीत पुन्हा दाराशीच असतो. म्हणून पुस्तक करणारा कात्री घेऊन बसतो. आठवणीच्या चौकटी काढतो, आडव्या चौकटी उभ्या पानात बसवण्यासाठी कडा छाटतो, कुठे जागा उरली तर झाडाची एखादी फांदी वाढवून ती भरतो. मी कात्रीच्याच धंद्यातला, त्यामुळे असल्या जागा माझ्या लगेच नजरेत भरायच्या. एका अंकात वेताळाचा हात कोपरापासून चौकटीबाहेर गेलेला आहे आणि त्या हाताने काय धरलंय हे कळायला मार्ग नाही. तीन चौकटींनंतर खलनायक पाण्यात पडलेला दिसतो. त्याला ढकलणारा हात कुठल्या तरी टेबलाखाली केरात गेला असणार.

आपल्याकडे हे पुस्तक करण्याचं काम मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने केलं. वेताळ तोपर्यंत त्यांच्याच इलस्ट्रेटेड वीकलीतून इंग्रजी वाचणाऱ्या घरांत पोचलेला होता. मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक निघाला, किंमत ६० पैसे, गोष्ट वेताळाच्या कमरपट्ट्याची. पुढे अमर चित्र कथा सुरू करणारे अनंत पै तेव्हा तिथेच नोकरीला होते आणि इंद्रजालच्या उभारणीत त्यांचा हात होता. पहिले बत्तीस अंक नुसता वेताळ. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. त्यांच्याबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही, त्यांचे अंक आमच्याकडे भाड्याने कमी जायचे. हो, आम्ही भाड्यानेही द्यायचो. दाराच्या आत एक सुतळी ताणलेली, तिच्यावर अंक मधोमध उघडून टाकलेले. शटलला वेळ असला की डहाणूकडे जाणारा माणूस बाकावर बसून एक वाचून काढायचा आणि पैसे काट्याच्या ताटलीत टाकून जायचा.

मुखपृष्ठांबद्दल मात्र सांगायला हवं. सुरुवातीच्या अंकांची ती बी. गोविंद यांची. आतली चित्रं अमेरिकेतून येत, बाहेरचं चित्र इथे रंगवलं जाई, आणि माझं ठाम मत आहे की अंक खपले ते बाहेरच्या चित्रावर. आतला वेताळ चौकटीत आवळलेला. गोविंद यांचा वेताळ पानभर. रंग ओले वाटावेत असे. सुतळीवर टाकलेल्या अंकांपैकी कुठला आधी उचलला जाईल हे मी लांबून सांगायचो: ज्यावर प्राणी मोठा, तो.

कात्री चित्रावर चालली तशी नावांवरही चालली. फॉकच्या सुरुवातीच्या गोष्टींतलं जंगल आफ्रिकेत नव्हतं, ते आपल्याच बाजूचं कुठेतरी होतं; प्रदेशाचं नाव बेंगाली, चाच्यांची टोळी सिंग, वेताळाच्या बापाचा मारेकरी रामा. पुढे फॉकने ते हळूहळू आफ्रिकेकडे सरकवलं आणि देशाचं नाव बंगाला झालं. आफ्रिकेतले देश स्वतंत्र होऊ लागले तशी त्याने तिथे निवडणूकही घेतली, लुआगा नावाचा काळा डॉक्टर राष्ट्राध्यक्ष केला. इंद्रजालवाल्यांनी यातलं जे भारतीय वाचकाला टोचेल ते आधीच बोथट करून टाकलं. बंगालाचं झालं डेंकाली, सिंग टोळीची झाली सिंगा. बरोबरच केलं. कॉलनीतल्या एखाद्या सरदारजींच्या पोराने भाड्याने अंक नेला आणि त्याला आपलंच आडनाव चाच्यांना दिलेलं दिसलं, तर त्याचे वडील आधी आमच्या दुकानात आले असते.

या सगळ्या छाटाछाटीनंतरही तो टिकला, कारण मरण्याची सोय फॉकने गोष्टीतच करून ठेवली होती. आपण पाहतो तो एकविसावा. आधीचे वीस गेले, गुहेत पुरले गेले. बाहेरच्यांना वाटतं एकच माणूस चारशे वर्षं जगतोय. चित्रकारांचंही तसंच झालं. रे मूर गेला, विल्सन मॅकॉय आला. तो १९६१ साली वारल्यावर थोड्याच दिवसांत साय बॅरीने काम हाती घेतलं ते १९९४ पर्यंत. वाचणाऱ्याला नावं माहीत नसली तरी हात बदललेला कळतो. मॅकॉयचा वेताळ म्हणजे साध्या रेषेचा, थोडा ठोकळेबाज, पडवीतल्या भिंतीवर पोराने काढावा इतका सरळ. बॅरीचा गुळगुळीत, हनुवटी कोरलेली, दंडावर सावली. बहुतेक संग्राहक बॅरीवर फिदा असतात. मला मॅकॉय आवडतो. त्याची चित्रं वाईट छपाईतही मरत नाहीत. रंग रेषेबाहेर सरकला तरी माणूस माणूस राहतो. बॅरीच्या चित्रात लाल रंग जरा डावीकडे गेला की डायनाला दुहेरी ओठ दिसतात.

१९७७ साली फॉकने वेताळाचं डायनाशी लग्न लावलं, पुढे जुळी मुलं झाली. लग्नाच्या गोष्टीचा अंक आमच्याकडे जितक्या वेळा आला तितक्या वेळा मधली पानं गायब. कुणीतरी काढून भिंतीला लावलेली असणार. पिनेजवळ कागदाचा फाटका दात तेवढा शिल्लक.

पिनेचं सांगतो. आमच्याकडचा पाऊस जूनमध्ये धरतो तो गणपती झाले तरी पाठ सोडत नाही. त्यात लोखंडी पिन गंजते. गंज आधी मधल्या जोडपानाला खातो, तांबूस ठिपका, मग भोक, मग एक दिवस मधलं पान अलगद हातात येतं. कागद स्वतःही पिवळा पडतो, कडेकडून आत, कारण तो स्वस्तातला, लाकडाच्या लगद्याचा. तो टिकावा असं छापणाऱ्याच्याही मनात नव्हतं. कसर लागते ती पाठीकडून. म्हणून जुना अंक उघडताना मी कधी पहिल्या पानापासून उघडत नाही, मधून उघडतो आणि पिनेवर बोट ठेवतो. बोटाला खडबडीत लागलं की पिन काढायची. ओढायची नाही, मागच्या बाजूने तिचे दोन्ही पाय नखाने सरळ करायचे आणि पुढून ढकलून बाहेर घ्यायची. रद्दीत शिकलेलं हे काम मला पुढे पैसे देऊन गेलं.

निवडायला दुकानात एक पोरगा होता, पूर्वेकडच्या पाड्यावरचा, वारली. शाळा चौथीत सुटलेली. वाचायचा थोडं, चित्रं मात्र कापडवाल्याने पोत बघावा तशी बघायचा, डोळ्याजवळ नेऊन. एका दुपारी त्याने विचारलं, “दादा, याचा शेत कुठं हाय?”

“शेत नाही. गुहेत राहतो. सोनंनाणं आहे त्याच्याकडे.”

“मग खातो काय? ही बुटकी माणसं आणून देतात?”

बांडार जमातीबद्दल विचारत होता. मी म्हटलं, हो, ते त्याची सगळी व्यवस्था बघतात, त्याला फार मानतात.

“फुकट?”

“फुकटच असेल.”

“मग ती वेठच की,” म्हणाला आणि पुढचा गठ्ठा ओढला.

वेठ हा त्याच्या घरातला शब्द. आजोबांनी भोगलेली. डहाणू, उंबरगाव, पालघर या टापूत जमीनदार आणि जंगलचे ठेकेदार वारल्यांकडून वर्षानुवर्षं फुकट राबवून घेत. १९४५ च्या मे महिन्यात झरीला किसान सभेची परिषद भरली, शामराव आणि गोदावरी परुळेकर गावोगाव फिरले, वारल्यांनी वेठ द्यायचं बंद केलं; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण गेले. गोदावरीबाईंनी ते सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं आहे. त्या पुस्तकाची एक प्रत आमच्याकडे कॉलनीतल्याच एका ढिगातून आली होती, वेताळाच्या अंकांसोबत, बहुधा एकाच कपाटातून. ती मिक्समध्ये टाकली नाही.

पोराच्या त्या शब्दानंतर मला वेताळ आवडेनासा झाला असं मुळीच नाही. पण गुहेसमोर सिंहासनावर बसलेला गोरा माणूस आणि खाली उभी असलेली गर्दी, ही चौकट आली की नजर आता गर्दीकडे जाते. त्यात एकही चेहरा वेगळा काढलेला नसतो. मूरने नाही, मॅकॉयने नाही, बॅरीने नाही. तिघांचे हात वेगळे, गर्दी सारखी. हा नायक ज्या जंगलात राहतो म्हणतात तसल्या जंगलाच्या कडेला मी जन्म काढला. इथे घोड्यावरून कुणी आलं नाही. आले ते पायी आले आणि कुडाच्या घरात नाचणीची भाकरी खाऊन राहिले, आणि तंटे सोडवले ते गर्दीनेच.

इंद्रजालवाल्यांनाही आपला माणूस असावा असं वाटलंच असणार, कारण १९७६ साली बहादूर आला. लिहिला आबिद सुरती यांनी, काढला त्याच गोविंद यांनी. वर्षानुवर्षं बाहेरचं पान रंगवणाऱ्याला अखेर आतली चित्रंही मिळाली. बहादूर डाकूचा मुलगा. ज्या पोलिस अधिकाऱ्याच्या गोळीने बाप मेला त्यानेच वाढवलेला. वर केशरी कुर्ता, खाली जीन्स. मुखवटा नाही, गुहा नाही, आणि मुख्य म्हणजे डाकूंशी तो एकटा लढत नाही. गावकऱ्यांचं दल उभारतो, त्यांना बंदूक धरायला शिकवतो. आमच्या पोराला बहादूर पसंत होता. कारण विचारलं तर म्हणाला, हा जीन पँट घालतो, म्हणजे बाजारात जात असणार. भाड्याच्या सुतळीवर मात्र बहादूर वेताळाच्या मागेच राहिला. पोरांना सिंह हवा असतो, आणि चंबळमध्ये सिंह कुठून आणणार?

सुरती पुढे आमच्याच लाइनीवर, मीरा रोडला राहायला आले. २००७ पासून ते दर रविवारी एका प्लंबरला बरोबर घेऊन लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरू लागले. ही बातमी मी रद्दीतल्या पेपरात वाचली. ज्याने बहादूर लिहिला त्याला हे सुचणं मला स्वाभाविक वाटलं. फॉक शेवटपर्यंत वेताळ लिहीत राहिला, १९९९ साली वारला.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं, ८०३ अंक काढून. वेताळ त्यानंतरही मिळायचा. डायमंड कॉमिक्सने जाड डायजेस्ट काढले. आमच्या धंद्याला मात्र बंद पडल्याची खबर उशिरा लागली, कारण छपाई थांबली म्हणून रद्दी थांबत नाही. उलट खरी आवक त्यानंतरच झाली. पोरं कॉलेजला गेली, माळे साफ झाले, कॉलनीतली पहिली पिढी निवृत्त होऊन आपापल्या गावी निघाली. गोण्याच्या गोण्या आल्या आणि टेम्पोत भरून वापीच्या कागद मिलकडे गेल्या. मिलमध्ये त्याचा लगदा होतो आणि लगद्याचे खोके होतात. त्या काळात अंक बाजूला काढून ठेवावा असं सांगणारं कुणी नव्हतं. मी ठेवले ते आवडीपेक्षा आळसाने. मिक्सचा भाव इतका पडलेला की भरणावळही सुटत नव्हती.

मग डहाणूपर्यंत लोकल आली, २०१३ साली, आणि लोकलने संग्राहक आले. शनिवारी दुपारी उतरायचे, पाठीवर सॅक, आत प्लास्टिकच्या पिशव्या. पहिला प्रश्न अंक नंबराचा. दुसरा, अंकातलं कोडं सोडवलेलं आहे का; कारण पोरांनी पेन्सिलीने भरलेलं कोडं म्हणजे भाव निम्मा. तिसरा, मागचं पान शाबूत आहे का. गोष्ट कुणी विचारत नाही, ती त्यांना येते. एकाने माझ्यासमोर एक अंक उघडला, पान न वाचता फक्त कड मोजली आणि म्हणाला, बाइंडरने तीन मिलिमीटर खाल्लेत. मला तो माणूस आवडला. मराठी अंकांना हे लोक जास्त मोजतात, कारण ते कमी उरलेत. इंग्रजी अंक कॉलनीतल्या घरांत नीट रचून ठेवलेले असत. मराठी अंक चार घरं फिरायचे, आळीभर वाचले जायचे आणि शेवटी चुलीपाशी जायचे.

परवा बोईसरकडचा एक जण आला. त्याच्यासाठी काढून ठेवला होता तो पाच अंकांचा एक जुडगा, कुठल्याशा पोराने बाजूने जाड दोऱ्याने शिवून वर खाकी कव्हर घातलेला. कव्हरवर नाव, इयत्ता, तुकडी. आत सलग मॅकॉय, मराठी, एकही पान फाटलेलं नाही, कारण शिलाईमुळे पिनेवर ताणच आला नव्हता. त्याने तो उलटापालटा केला.

“काका, टाके उसवून द्या ना. सुटे असले तर बरं.”

“उसवले तर भोकं राहतील आणि कड सुटेल. असाच घ्या, नाहीतर राहू द्या.”

तो अर्धा तास बाकावर बसला. शटल गेली, पाठोपाठ लोकल गेली. शेवटी घेतला त्याने तसाच, पण भाव पाडून. मीही पाडून दिला, आणि तो फरक त्याने सोबत घेतलेल्या बंगाली अंकांवर लावून घेतला.